एकही प्रत शिल्लक नाही

नारायणगावच्या पेठेत मोहनलालशेठच्या दुकानातली पुडी लांबूनही ओळखू यायची. बाकीचे किराणावाले वर्तमानपत्रात नाहीतर पोरांच्या जुन्या वह्यांच्या पानांत साखर-डाळ बांधायचे, मोहनलालशेठ मात्र कोऱ्या खाकी कागदात. लोक चेष्टा करत, "शेठ, तुमच्या पुडीवर वाचायला कायच नसतं राव!" शेठ हसून घेत. दुसरं करणार काय? फार वर्षांपूर्वी गावात साध्वीजी महाराजांचा चातुर्मास झाला, तेव्हा सुंदरबाईंनी, म्हणजे शेठच्या बायकोनं, त्यांच्यापुढे हात जोडून नियम घेतला होता. ज्या कागदावर अक्षर आहे तो फाडायचा नाही, त्यात खायची वस्तू बांधायची नाही, त्याच्यावर पाय पडू द्यायचा नाही. अक्षर म्हणजे ज्ञान, आणि ज्ञानाचा अवमान हे जैनाच्या घरात मोठं पाप. नियम बायकोनं घेतला आणि कोऱ्या कागदाचा खर्च नवऱ्याच्या गळ्यात पडला. पण सुंदरबाईंचा नियम मोडायची छाती अख्ख्या पेठेत कुणाची नव्हती, मोहनलालशेठची तर नव्हतीच नव्हती.

खोडदचे सोमाजी कोळपे हे शेठचे लहानपणापासूनचे दोस्त. चौथीपर्यंत दोघं शाळेत मांडीला मांडी लावून बसलेले. पुढे एकाच्या हातात तराजू आला, दुसऱ्याच्या हातात काठी. सोमाजींचा बाप बारा महिने मेंढरं घेऊन फिरायचा. सोमाजींच्या वाट्याला थोडं पाणी आलं, कांद्याचं रान आलं, तरी दारात मेंढरं राहिलीच. दर बाजारच्या दिवशी सोमाजी यायचे, गुळाच्या ढेपीशेजारच्या पोत्यावर बसायचे आणि तास-दीड तास दोघांच्या गप्पा चालायच्या. दुकानात गिऱ्हाईक कितीही असो, सोमाजींचा चहा चुकत नसे.

सोमाजींचा थोरला, दादाभाऊ, शिकत शिकत पार पुण्याच्या विद्यापीठात पोचला. आधी विद्यार्थी म्हणून आणि मग तिथलाच प्राध्यापक म्हणून. हा शब्द सोमाजींच्या तोंडात काही बसेना, ते आपले "इद्यापीठात मास्तर हाय" म्हणायचे. २००१ साली दादाभाऊचं पुस्तक निघालं. विद्यापीठाच्या शिक्षकांनी आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी लिहिलेल्या नव्या पुस्तकांची एक मालाच पुण्याच्या एका प्रकाशकानं हाती घेतली होती, तिच्यातलं हे एक. नाव होतं 'जुन्नर-आंबेगावचे मेंढपाळ : स्थलांतर आणि बदल'. नाव वाचतानाच जांभई यावी असं. पण मुखपृष्ठावरचा फोटो झकास होता. कुकडीच्या पात्रातून पलीकडे निघालेलं मेंढरांचं खांड, आणि त्यामागे खांद्यावर घोंगडी टाकून चाललेले, पाठमोरे, खुद्द सोमाजी.

सोमाजींनी ते उपरण्यात गुंडाळून दुकानात आणलं होतं. शेठनी हात धुऊन, पुसून ते घेतलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं. "ही पाठ कुणाची, ओळखा," असं विचारायचे, आणि समोरच्यानं ओळखायच्या आत स्वतःच सांगून टाकायचे.

पुढे काही महिन्यांनी सोमाजी आले ते जरा गप्पच होते. चहा आला तशी म्हणाले, "दादाचं पुस्तक संपलं म्हनं."

"संपलं म्हणजे?"

"त्यानं आनखी थोडी मागितली व्हती. तर परकाशक म्हनला, येक बी प्रत शिल्लक न्हाई. समदी गेली."

मोहनलालशेठ गादीवरून उठलेच. दुकानातला सगळा माल उठला, मागून घ्यायला येणाऱ्याला 'संपलं' म्हणून सांगावं लागलं, याच्यापरता आनंद व्यापाऱ्याला दुसरा कुठला? त्यांचा स्वतःचा माल असा कधी उठला नव्हता. दिवाळीच्या पणत्यासुद्धा दर वर्षी उरायच्या. त्यांनी हितेशला, म्हणजे आपल्या मुलाला, पेढे आणायला पिटाळलं आणि समोरच्या भांडेवाल्यापासून बसस्टँडच्या टपरीपर्यंत वाटले. "आमच्या सोमाजीच्या पोराचं पुस्तक खलास!" असं ओरडून सांगितलं. सोमाजींनी पेढा हातात धरला, "हं" म्हणाले आणि नेहमीपेक्षा लवकर उठून गेले. माणूस साधा, त्याला एवढा आनंद पेलवत नाही, असं शेठनी मनाशी ठरवून टाकलं.

त्याच सुमारास हितेशनं दुकानाची खरेदी आपल्या अंगावर घेतली होती. तरुण रक्त. कोरा कागद महाग पडतो, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. पुण्यात एका छापखान्याचं गोदाम रिकामं होतंय असं त्याला रद्दीवाल्याकडून कळलं. गोदामात खाकी कागदात बांधलेले गठ्ठे छताला टेकलेले. रद्दीवाल्यानं वरचे दोन फोडून दाखवले, दोन्हींत स्वच्छ पांढरा कोरा कागद. हितेशनं सगळेच्या सगळे वजनावर उचलले, टेम्पो केला आणि मिशीला पीळ द्यायचा तेवढा बाकी ठेवून नारायणगावला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठे फुटायला लागले, आणि निघाली ती पुस्तकं. वरच्या दोन-चार गठ्ठ्यांचा कोरा कागद संपल्यावर खाली नुसती पुस्तकं. केळीवरच्या रोगांचं पुस्तक, नाणेघाटाच्या जुन्या वाटेचं, सहकारी पतसंस्थांचं, एक कवितांचं. लेखकांच्या नावाखाली विद्यापीठाचं नाव, कुणी तिथला शिक्षक, कुणी तिथली पदवी घेतलेला. सगळी नवीकोरी, वाचणं तर दूरच, कुणी उघडलेलीसुद्धा नव्हती. हितेशचा चेहरा उतरला. सुंदरबाई आतून पदर खोचत आल्या, त्यांनी एक पुस्तक उचललं, कपाळाला लावलं आणि निकाल देऊन टाकला.

"याचं एक पान फाटायचं नाही."

"मम्मी, रद्दीत परत घालतो ना."

"म्हणजे दुसऱ्यानं फाडायचं. पाप कुणाला?"

हितेशनं बापाकडे पाहिलं. पण बापाचं लक्ष नव्हतं. मोहनलालशेठच्या हातात नुकत्याच फोडलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक होतं. कुकडीचं पात्र, मेंढरांचं खांड आणि मागे पाठमोरे सोमाजी. त्या गठ्ठ्याखाली आणखी तसलाच गठ्ठा होता, त्याच्याखाली आणखी. प्रकाशक खोटं बोलला नव्हता. त्याच्याकडे एकही प्रत शिल्लक नव्हती, कारण सगळ्या रद्दीवाल्याकडे गेल्या होत्या.

शेठनी पुस्तक घाईनं पालथं ठेवलं. आपण पेठभर पेढे वाटले, ते ह्याचे! सोमाजीला कळलं तर काय होईल त्याचं? जन्मभर मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडलेला माणूस, एका पोराच्या जिवावर चार लोकांत मान वर करून बसतो. त्याला कळायचं, की तुझ्या पोराचं पुस्तक कुणी घेतलंच नाही, किलोवर गेलं, आणि तेही तुझ्या दोस्ताच्या दुकानात साखर बांधायला. शेठनी ते गठ्ठे हितेशच्या मदतीनं स्वतः माडीवर नेले आणि दाराला कुलूप घातलं.

सुंदरबाईंनी मग माडीवर आपला संसारच मांडला. गठ्ठे जमिनीला टेकायला नकोत म्हणून खाली फळ्या आल्या. कसर लागायला नको म्हणून कडुनिंबाचा पाला आला. कसर लागल्यावर मारणार कशी? जीवहत्या. तेव्हा ती मुळात व्हायलाच नको, म्हणून दर पंधरवड्याला पुस्तकं उन्हाला. शेठ कुरकुरले की त्या म्हणत, "लोकांच्या पोराबाळांनी डोळे फोडून लिहिलंय. आपल्या घरी आलंय तर सांभाळायला नको?"

मग शेठच पाल्याची टोपली वर नेऊन द्यायचे.

आणि सोमाजी? ते दर बाजारला येऊन त्याच माडीच्या खाली, त्याच पोत्यावर बसत होते. वर त्यांच्या पोराचं पुस्तक रचून ठेवलेलं, खाली हे चहा फुंकून पितायत. माडीवरून काही पडल्याचा आवाज आला तरी ते दचकायचे. एकदा सोमाजी म्हणाले, "शेठ, वर उंदीर झालं का काय?" तर हे इतक्या मोठ्यानं "नाही!" म्हणाले, की तेल घ्यायला आलेल्या कुशाबाईच्या हातातली बरणी निसटता निसटता राहिली.

दिवाळी झाली. पाचव्या दिवशी ज्ञानपंचमी. त्या दिवशी जैनांच्या घरात पुस्तकांची पूजा होते. सुंदरबाईंनी माडीवरच्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत आणून पाटावर मांडली, वर वासक्षेपाची, म्हणजे पूजेच्या चंदनी पुडीची, चिमूट टाकली आणि खाली वाकून वाकून नमस्कार केले. केळीच्या रोगांना नमस्कार झाला, पतसंस्थांना झाला, मेंढपाळांना झाला. लिहिणारे तिथे असते तर त्यांना रडूच आलं असतं. पूजा आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "ही आता वाटून टाकायची."

धर्मकार्याच्या शेवटी आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी ठेवायचं, कधी लाडू, कधी नारळ, कधी वाटी, याला प्रभावना म्हणतात. सुंदरबाईंना पुस्तकांची प्रभावना करायची होती. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला एक पुस्तक, अट एकच, फाडायचं नाही. मोहनलालशेठनी कपाळाला हात लावला. मग बायकोला आत नेऊन दादाभाऊच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. सुंदरबाई म्हणाल्या, "एवढं एक राहू द्या वर. बाकीची जाऊ द्या."

मग काय विचारता! त्या महिन्यात जुन्नर तालुक्यातली माणसं मिठाबरोबर विद्यापीठ घरी न्यायला लागली. पिंपळवंडीच्या सावळारामला केळीचं पुस्तक मिळालं, त्यानं ते रात्रीतून वाचलं आणि लिहिणाऱ्या बाईंना पत्र टाकलं, की तुमी सांगितलेली लक्षणं माझ्या बागंत हायेत, येऊन बघा. त्या खरोखरच आल्या आणि जाताना त्यांना घडच्या घड बांधून दिले. डिंगोऱ्याच्या जानकूच्या वाट्याला कवितांचं आलं. तो तिसऱ्या दिवशी तणतणत परत आला. "शेठ, बदलून द्या. ह्यात वळी निम्म्याच छापल्यात, निम्मं पान मोकळंच!" त्याला नाणेघाटाचं दिलं. आठवड्यानं तो पुन्हा आला आणि इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, "ते निम्म्या वळीचं हाय का अजून? बायकूला पायजे." बायकोला की त्याला, ते काही कुणी विचारलं नाही.

वाचलेलं पुस्तक माणसं परत आणून दुसरं नेऊ लागली. पुस्तकाला आली की अर्धा किलो रवाही नेऊ लागली. हितेशच्या टेम्पोची टिंगल थांबली आणि तो पुन्हा ऐटीत फिरायला लागला.

सोमाजींनीही एक दिवस हात पुढे केला. "समद्यांला देताय, आमाला न्हाई व्हय?"

शेठनी घाईघाईनं हाताला लागलं ते, लेण्यांवरचं पुस्तक त्यांना दिलं. सोमाजी चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचायला लागले. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाले, "आमच्या दादाचं असतं तर असंच कुणी नेलं असतं. पर त्येचं समदंच गेलं."

"हो ना. संपलंच ते," शेठ म्हणाले आणि उगाचच वजनं पुसायला लागले. पेठेत बसून नव्या तांदळाला जुना म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती. पण हे एवढंसं बोलताना ती अडखळली.

जानेवारीत सोमाजी आडवारीच, बाजार नसताना आले, तेही दादाभाऊला घेऊन. दादाभाऊ सुट्टीच्या दिवशी पुण्याहून मोटारसायकलवर आला होता. उंच, सावळा, बापासारखाच कमी बोलणारा. त्यानं शेठना वाकून नमस्कार केला. विद्यापीठात शिक्षकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या नव्या पुस्तकांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्याच्याजवळ स्वतःच्या पुस्तकाची एकही प्रत उरली नव्हती. होत्या त्या मित्रांना, पाहुण्यांना वाटून झालेल्या.

"घरची येक हाय," सोमाजी म्हणाले, "पर ह्याच्या आईनं तिच्यावर इतकं हळद-कुकू घातलंय, का मेंढरं दिसतच न्हाईत. तसली कुठं मांडायची?"

"काका, इथं पुस्तकं देताय असं आबा म्हणाले," दादाभाऊ म्हणाला. "कुणी माझं एखादं परत आणून दिलं असेल तर बघावं म्हटलं. नाहीतर माझ्या जागी रिकामंच राहील."

मोहनलालशेठनी त्याच्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण वर इतकी पुस्तकं असताना या पोराची जागा प्रदर्शनात रिकामी ठेवायची? ते त्यांच्यानं होईना. आतल्या दारात सुंदरबाई उभ्या होत्या. त्यांनी कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून शेठच्या हातात दिला.

"सोमाजी, तू चहा घे. हितेश, काकांना चहा सांग," शेठ म्हणाले. "दादाभाऊ, तू जरा माझ्याबरोबर वर ये."

माडीचं दार उघडल्यावर कडुनिंबाचा वास आला. खिडकीतून ऊन आत पडलं होतं आणि भिंतीकडेला, फळ्यांवर, सुंदरबाईंनी अगदी सरळ रांगेत रचलेले पुस्तकांचे ढीग होते. बाकी सगळी माडी रिकामी झाली होती. उरलं होतं ते एवढंच. प्रत्येक ढिगावर कुकडीचं पात्र आणि पाठमोरे सोमाजी.

दादाभाऊनं एक पुस्तक उचललं, उलटून पाहिलं, परत ठेवलं. दुसऱ्या ढिगातलं उचललं. त्याला सांगावं काही लागलं नाही. शेठनी तरी सगळं सांगितलं, गोदाम, रद्दीवाला, हितेश, सुंदरबाईंचा नियम. दादाभाऊ फळीच्या टोकाला बसला.

"म्हणजे कुणी घेतलंच नाही," तो म्हणाला.

"असं नको म्हणू बेटा. लोकांपर्यंत पोचलंच नाही ते."

"सात-आठ वर्षं गेली काका यात. वाड्यावाड्यांवर, मेंढपाळांच्या तळांवर जाऊन बसलो. 'संपलं' म्हणाले तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी वाचतंय." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "आबांना माहितेय?"

"नाही. त्याला कळू द्यायचं नाही. वर्षभर मी त्याला या जिन्याची पायरी चढू दिली नाही. तू दोन प्रती पिशवीत घाल, मी खाली सांगतो, माझ्याकडे होत्या म्हणून. ते काही खोटं नाही."

दादाभाऊनं मान हलवली. आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आवं शेठ, च्या गार झाला. काय करताय काय वर?"

सोमाजी उंबऱ्यात उभे होते. शेठनी पुढे होऊन दार अडवायचा प्रयत्न केला, पण आता अडवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सोमाजींची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. ते आत आले. त्या ढिगांच्या कडेकडेनं चालत गेले, प्रत्येक ढिगावर तळवा ठेवत, खांडातल्या मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवावा तसे. शेवटच्या ढिगापाशी थांबले.

"दादा, ही समदी तुझीच?"

"हो, आबा."

"तू तर म्हनला व्हतास, येक बी न्हाई राह्यलं."

शेठनी दादाभाऊला डोळ्यांनी खुणावलं. पण दादाभाऊनं बापाला आजवर कधी बनवलं नव्हतं. "मला तसंच सांगितलं व्हतं, आबा. पण ती इकली गेली नव्हती. कुनी घेतलीच न्हाईत. रद्दीत घातली व्हती, काकांनी वाचवली."

मोहनलालशेठनी डोळे मिटून घेतले. वर्षभर जे होऊ नये म्हणून देव पाण्यात घातले होते, ते झालं होतं.

"आरं मंग लई ब्येस झालं की!" सोमाजी म्हणाले.

शेठनी डोळे उघडले. सोमाजी चक्क हसत होते. ते दादाभाऊच्या शेजारी फळीवर टेकले, त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि मग शेठना दिसलं की ते नुसतं तोंड पुसत नाहीयेत, डोळेही पुसतायत.

"वरीस झालं, जिवाला घोर लागला व्हता माझ्या," ते म्हणाले. "समदी इकली म्हनलास, आन् माझं काळीजच बसलं. आमच्यात समदं खांड कोन इकतं? ज्याचं बुडालं, त्यो. दुष्काळात आमच्या रखमाजी चुलत्यानं इकलं व्हतं, पार शेवटच्या कोकरापातूर. बाजारातनं मोकळी काठी घिऊन घरला आला. म्या लहान व्हतो, पर ती काठी अजून डोळ्यापुढनं जात न्हाई. पुन्हा त्यानं खांड केलं न्हाई, वीटभट्टीवर गेला. चार मेंढ्या तरी माघारी ठिवाव्यात, तर त्यातनं पुन्हा उभं राहतं. तू येवढी वरसं खपून येक पुस्तक केलंस, आन् बियाला बी न ठिवता समदं इकून बसलास, म्हनलं आता ह्या पोराजवळ काय राह्यलं?"

शेठ म्हणाले, "सोमाजी, अरे मग तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलू? तुमी पेठभर पेढं वाटलं. म्हनलं, शिकलेल्यांच्यात, येपाऱ्याच्यात हीच रीत आसंल. तुमच्या आनंदात माती कशाला कालवू?"

मोहनलालशेठना आता कुठं कळलं. ज्या दुःखापासून आपण याला वर्षभर जपलं, ते याला नव्हतंच. आणि जे होतं, ते घेऊन हा दर बाजारला आपल्या शेजारी बसला, चहा प्यायला आणि उठून गेला. एकदा विचारलं असतं, की सोमाजी, तू गप्प का? तर एका वाक्यात सुटलं असतं. इतकी वर्षांची दोस्ती, आणि आपण त्याच्या गप्प बसण्याला आपल्याच तराजूत घालत राहिलो. त्यांना स्वतःचा राग आला, आणि लगेच हसूही आलं, कारण सोमाजी तोवर उठून कामाला लागले होते.

"ही वळ शेठाणीकडंच राहू दे. नीट संबाळलीत बाईनं," ते एकेका ढिगाकडे बोट करत सांगत होते. "ह्यातली तू पुण्याला ने, मांड तुझ्या परदर्शनात. आन् ही आपल्या वाड्यांवर न्यायची. येक पुस्तक ह्या वाड्यावर चार दिस, मंग म्होरल्या वाड्यावर. ज्याला वाचता येतं त्यो वाचंल, बाकीची ऐकतील. तुला त्यांनीच तर सांगितलंय समदं, त्यास्नी नको व्हय कळाया, तू काय लिवलंस ते?"

"आबा, तुम्ही वाचलंत?" दादाभाऊनं विचारलं.

"थोडं. पर आता घाई न्हाई. लई हायेत."

दादाभाऊ हसला. किती दिवसांनी असा खदखदून हसत होता कुणास ठाऊक. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

खाली आल्यावर सुंदरबाईंनी सगळ्यांना जेवूनच जायची तंबी दिली. जेवण झाल्यावर सोमाजी सुपारी कातरत, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "शेठ, आता येव्हाराचं बोलू. आमचं खांड कुनाच्या रानात बसवलं, का खत त्या रानाला मिळतं, म्हनून रानवाला आमाला धान्य देतो. आमच्या दादाचं खांड वरीसभर तुमच्या माडीवर बसलंय. काढा ज्वारी."

हितेश मोठ्यानं हसला. पण मोहनलालशेठ हसले नाहीत. ते उठले, दुकानात गेले आणि ज्वारीच्या पोत्याचं तोंड त्यांनी स्वतः उसवलं. मागोमाग हितेश आला आणि सवयीनं तराजू पुढे ओढायला लागला.

"राहू दे तो," शेठ म्हणाले. "हे मोजायचं नाही."